मागणी घातली ती कुणाला?

धाराशिवचं ऑक्टोबरातलं ऊन म्हणजे काय सांगावं! त्या साली कॉलेजच्या पत्र्यावर बसणाऱ्या कावळ्यांचे पाय असे पोळायचे, की ते आळीपाळीनं एकमेकांच्या पाठीवर बसायचे. खोटं वाटत असेल तर शिपाई महांतप्पाला विचारा. तो आणखी दोन कावळे वाढवून सांगेल.

अशाच एका शनिवारी, डोकं तापवणाऱ्या दुपारी, वृषाली आपल्या खोलीत बसून वाट बघत होती. कुणाची? कुणाचीही! दारावर तिनंच हातानं रंगवलेली पाटी होती : 'मनमोकळं कक्ष'. पोरापोरींनी यावं, मनात साठलेलं बोलावं आणि हलकं होऊन जावं, म्हणून कॉलेजनं ही खोली काढली होती. वृषाली एरवी तुळजापूरला समाजकार्याचं शिकायची आणि शनिवार-रविवार इथं अर्धवेळ नोकरी करायची. काम एकच, ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि आपलं स्वतःचं तर काही म्हणजे काही सांगायचं नाही.

पण कुणी येईल तेव्हा ना! पाटी लागल्यापासून खोलीत आली होती ती फक्त एक पाल.

तेवढ्यात दार ढकलून एक पोरगा आत आला. केस विस्कटलेले, डोळे लाल, पाठीवर सॅक. खुर्चीत धपकन बसला, कपाळ धरलं आणि म्हणाला,

"संपलं सगळं. आता काय खरं न्हाय."

वृषाली सावरून बसली. पहिलाच माणूस, आणि तोही असा! तिनं पाण्याचा ग्लास हळूच पुढं सरकवला.

"घाई न्हाय... सावकाश सांगा. काय होतंय?"

"उघडतच न्हाय. आन् उघडलं तरी मधेच कोसळतंय."

"कधीपासून होतंय असं?"

"गेल्या हप्त्यापास्नं. जरा उभं करतो, की पुन्हा आडवं!"

"घरी... बोललात कुणाशी?"

"आईशी? ती काय करणार? ती खवा आटवती."

"तरीपण... बोललं की बरं वाटतं. मनात काय येतं अशा वेळी?"

"मनात येतं, सगळं पुसून टाकावं आन् पहिल्यापास्नं सुरू करावं."

वृषाली खुर्चीत पुढं सरकली. "पुसून टाकावं म्हणजे... काय पुसायचं?"

पोरानं मान वर केली. तिच्याकडं बघितलं. दारावरच्या पाटीकडं बघितलं. परत तिच्याकडं बघितलं.

"वेबसाइट," तो म्हणाला. "कॉलेजची वेबसाइट! हापिसातल्या साहेबांनी सांगितलं, चालू प्लग फक्त ह्याच खोलीत हाय... तुम्हाला काय वाटलं?"

वृषालीनं ओढणी तोंडावर धरली आणि हसली... अशी हसली की दारात उभ्या महांतप्पाच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. पोरगाही हसायला लागला. हसताना त्याचा एकच गाल खळी पाडायचा, दुसरा मख्ख राहायचा. वृषालीनं ते बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

तो प्रसेनजित. भूम तालुक्यातल्या ईटचा. आठवडाभर भूमला कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा आणि शनिवार-रविवार कॉलेजची वेबसाइट सांभाळायचा.

"मॅडम, एवढा एक प्लग..."

"मॅडम म्हणू नका हो. ताई म्हणा."

"ताई?" तो एकदम गंभीर झाला. "मॅडमच बरंय."

"का?"

"काय न्हाय... ताई म्हणायची सवय लागली की सुटत न्हाय म्हणतात."

वृषाली खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक कडुलिंबाचं झाड आणि ते पोळलेले कावळे.

*

प्लग एक आणि भुका दोन. पंखा लावला तर लॅपटॉप मरायचा, लॅपटॉप लावला तर माणूस. प्रसेनजितनं तोडगा काढला. सकाळी लॅपटॉप पोटभर चार्ज करायचा आणि कुणी विद्यार्थी आला की उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं. पाठ खोलीकडं, कानाला हेडफोन. आतल्या माणसाला खात्री वाटावी, की बाहेरचा काही ऐकत नाही. एकदा वृषालीनं बघितलं, तर हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. नुसतीच खिशात खोचलेली.

"गाणी ऐकत न्हाय तुम्ही?"

"न्हाय. उगीच गाण्याचा नाद लागला तर कामात चुका होतात."

"मग हेडफोन कशाला?"

"पोरांना बरं वाटतं ना... कुणी ऐकत न्हाय म्हटल्यावर."

तरीही खोलीच्या दारात यायला पोरं बिचकायची. समोरच कँटीन, जाणारा-येणारा बघतो. मग प्रसेनजितनं वेबसाइटवर एक पान तयार केलं. मोबाइलवर उघडायचं, नाव न सांगता मनातलं लिहायचं, आणि इकडं वृषाली तिच्या फोनवर उत्तर द्यायची. पान सुरू झालं आणि काय सांगता! दुष्काळातल्या विहिरीला पाझर फुटावा तशी पोरं बोलायला लागली. कुणाला गणित छळत होतं, कुणाला हॉस्टेलची आमटी, कुणाला घरची आठवण. तिचं नाव पडलं 'शनिवारची ताई'.

आता ही वृषाली जन्मतःच ऐकणारी. एकदा एसटीत शेजारच्या बाईनं तिला अख्ख्या प्रवासभर सासूचं गाऱ्हाणं सांगितलं. ती बाई उतरली आणि तिच्या जागी जी म्हातारी येऊन बसली, ती नेमकी तीच सासू! तिनं उरलेल्या वाटेत सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. वृषालीनं दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि स्वतःचा स्टॉप मात्र मागं राहिला. घरीही तेच. आई गुडघ्यांचं सांगायची, थोरली बहीण नवऱ्याचं, वडील अख्ख्या एसटी महामंडळाचं. तिला कुणी विचारत नव्हतं, आणि हळूहळू तिचीही सांगायची सवय मोडली होती.

परतीचा पाऊस आला त्या दिवशीची गोष्ट. दुपारचं आभाळ एकाएकी काळं झालं आणि थेंब असे टपोरे, की एकेका थेंबात कप भरावा. प्रसेनजित लॅपटॉप शर्टाच्या आत पोटाशी धरून लिंबाखालून पळत आला. दोघं व्हरांड्यात उभे राहिले. मातीचा वास, पत्र्याचा ताशा, आणि मधे हातभर अंतर.

"लॅपटॉप भिजला?"

"न्हाय. मी भिजलो. माझी वॉरंटी कवाच संपलीय."

ती हसली. तो तिच्याकडं न बघता, पन्हाळीकडं बघत म्हणाला,

"एक विचारू? सगळ्यांचं ऐकता तुम्ही... तुमचं काय?"

"माझं काय?"

"म्हणजे... तुमच्या मनात काय चाललंय?"

वृषालीला आठवेना, हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता. तिनं तोंड उघडलं. जिभेवर काहीतरी आलंही होतं, खरंच आलं होतं... आणि तिचा फोन वाजला. कुणा विद्यार्थ्याचा निरोप.

"जा," प्रसेनजित म्हणाला. "त्यांचं आधी. मी हाय की इथंच."

तो इथंच होता. तीच पुन्हा बोलली नाही.

पुढच्याच आठवड्यात आणखी एक झालं. ती जेवायला गेली असताना एका पोरीनं लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि पोरीला वाटलं ताई रुसली. वृषालीनं प्रसेनजितला गळ घातली.

"एखादं वाक्य टाका ना, मी नसले की आपोआप जाईल असं."

"नुसतं 'ताई जेवायला गेल्यात' हे लई रुक्ष वाटतं. तुमच्यासारखं बोलणारं करू?"

"करा की. तुम्हाला जमेल तसं."

त्यानं केलं. पानावर एक बटण आलं : 'मी जरा बाहेर'. ते दाबलं की यंत्र तिच्या जागी बोलणार. काय बोलणार, ते वृषालीनं वाचलंच नाही. जेवणाच्या डब्याएवढ्या वेळापुरतं तर बटण! चूक झाली ती इथं. त्याची अर्धी, तिची अर्धी.

*

दिवाळी झाली आणि लोहाऱ्याहून वडिलांचा फोन आला. मच्छिंद्रराव म्हणजे निवृत्त कंडक्टर. घरातसुद्धा दोन माणसं जमली की म्हणायचे, "पुढं सरका, मागं जागा करा."

"वृषे, सोलापूरचं स्थळ हाय. पोरगा बँकेत. रविवारी चारला बघायला येतायत. काय म्हणतीस?"

"बघू," वृषाली म्हणाली.

मच्छिंद्ररावांच्या हिशेबी 'बघू' म्हणजे तिकीट फाडलं. फोन ठेवला. वृषालीला म्हणायचं होतं, बाबा, मला एक जण आवडतो. त्याच्या एकाच गालाला खळी पडते. पण ते म्हणायला लागतं ते यंत्रच तिच्या गळ्यात गंजून गेलं होतं. आणि त्याला तरी काय सांगणार? त्यानं कुठं काही विचारलं होतं?

शनिवारी तिची तुळजापूरला परीक्षा होती; प्रसेनजितला तिनं एवढंच कळवलं होतं, की ह्या शनिवार-रविवारी सुट्टी, लोहाऱ्याला घरी चालले. हॉलमध्ये जाताना तिनं सवयीनं 'मी जरा बाहेर' दाबलं आणि फोन पिशवीत टाकला. परीक्षा, मग लोहाऱ्याची एसटी, मग घरी आईची झाडलोट. फोन पिशवीतच विझून गेला.

रविवारी सकाळी चूल पेटते न पेटते तोच दारात एक जीप येऊन थांबली. जीप खव्याची. तिच्या वासानं गल्लीतली सगळी मांजरं रांग लावून उभी राहिली. एक तर म्हणे शेजारच्या गावाहून आलं. जीपमधून उतरली नारळाएवढा अंबाडा घातलेली एक ठसठशीत बाई, हातात पेढ्यांचा डबा; आणि तिच्यामागं इस्त्रीचा शर्ट घातलेला, घाम पुसणारा एक पोरगा.

"अगं बया, आले बी!" वृषालीची आई आतून धावली. "चारला येणार व्हते न्हवं?"

मच्छिंद्रराव बनियनवरच पुढं झाले. "या, या! पुढं सरका, आत जागा हाय!"

"जय भीम, दादा," बाई म्हणाली. "मी जाईबाई. आन् हा माझा प्रसेनजित."

"जय भीम, जय भीम! सोलापूरहून लई लवकर निघालात?"

"सोलापूर? आमी ईटचे."

"व्हय व्हय, मूळगाव ईट असंल." मच्छिंद्ररावांनी सतरंजी झटकली. "आन् बँकेची शाखा कुठली म्हणायची?"

"बँक न्हाय," प्रसेनजित म्हणाला. "वेबसाइट."

मच्छिंद्रराव बायकोच्या कानाशी लागले. "बँकेत कॉम्प्युटरवर दिसतोय."

पोह्यांचा ट्रे घेऊन वृषाली बाहेर आली, मान खाली, नजर जमिनीवर. आधी तिला दिसले बूट, ओळखीचे. मग इस्त्रीचा शर्ट, अनोळखी. मग तोंड... आणि ट्रे असा कलला की पोह्यांवरचं खोबरं जाईबाईंच्या मांडीवर आलं.

"तुम्ही?"

"मी..." प्रसेनजित उभा राहिला. "तुम्हीच म्हणालात ना, घरच्यांशी बिनधास्त बोला."

"मी? कधी?"

"काल! चार वाजता!"

"पोरी, लाजायचं काय त्यात?" जाईबाईंनी मांडीवरचं खोबरं उचलून तोंडात टाकलं. "तू व्हय म्हणलीस आन् म्या उकळती कढई तशीच जावंच्या हवाली करून निघाले बग. सगळ्या आळीत पेढे वाटून झाले!"

घरात असा सन्नाटा झाला, की भिंतीवरच्या घड्याळानं एक टिकटिक गिळली. मच्छिंद्ररावांचा आवाज खोल गेला.

"वृषे. तू ह्यांना व्हय म्हणलीस?"

सगळे तिच्याकडं बघत होते. ती न्हाय म्हणाली, तर तो पोरगा आणि त्याची आई भर दारात खोटी पडणार. व्हय म्हणाली, तर तीच खोटी. वृषालीनं ट्रे खाली ठेवला आणि प्रसेनजितला म्हणाली,

"फोन घेऊन जरा परसात या."

परसात पाण्याच्या टाकीपाशी दोघं उभी राहिली. प्रसेनजितनं फोन पुढं केला. तिनं वाचलं.

त्यानं लिहिलं होतं : मॅडम, हे पान पोरांसाठी हाय, मला ठाऊक हाय, पण समोर बोलायला गेलं की माझी जीभ वळत न्हाय. मला तुम्ही आवडता. लई आवडता.

खाली उत्तर : बरं केलंत, सांगितलंत. मनात ठेवून माणूस थकतं.

तो : तुम्हाला राग तर आला न्हाय?

उत्तर : राग कशाचा? असं वाटण्यात काहीच चूक न्हाय.

तो : मग... होकार समजू?

उत्तर : तुमच्या मनाला जे वाटतंय, ते खरं आहे.

तो : उद्या आईला घेऊन घरी येऊ?

उत्तर : घरच्यांशी बोललेलं केव्हाही चांगलं. अगदी बिनधास्त बोला.

वृषालीनं वर बघितलं. "प्रसेनजित, काल दिवसभर मी परीक्षेला होते. फोन बंद होता. हे मी लिहिलेलं न्हाय."

"मग कुणी?"

"तुम्हीच सांगा, कुणी."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडल्यासारखी वाटली. तो मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसला.

"म्हणजे म्या... माझ्याच मशीनला मागणी घातली?"

"आणि तिनं होकारपण दिला," वृषाली म्हणाली. हसू येत होतं, पण त्याच्यामागून काहीतरी वेगळंच वर आलं. आवाज चिरकला. "आतल्यांनी माझ्यासाठी सोलापूर ठरवलं. तुमच्या यंत्रानं ईट ठरवलं. माझ्या लग्नाचा होकारसुद्धा माझ्याशिवाय झाला! आणि ही वाक्यं... ही माझीच आहेत. चोरून ऐकत होता तुम्ही? पोरं बोलायची तेव्हा?"

"न्हाय!" तो ताडकन उठला. "शपथेवर न्हाय. ही सगळी तुम्ही मला म्हणलेली हायेत."

"तुम्हाला?"

"'घाई न्हाय, सावकाश सांगा', पहिल्या दिवशी, मी वेबसाइटसाठी रडत आलो तवा. 'मनात ठेवून माणूस थकतं', मी माझ्या वडलांचं सांगितलं तवा. तुम्ही शेंगा सोलत होता. 'असं वाटण्यात काहीच चूक न्हाय', मी म्हणलं व्हतं, भूमच्या क्लासात मला कंटाळा येतो. तवा तुम्ही 'काहीच'वर जरा थांबला व्हता. ते थांबणं काय मशीनमध्ये टाकता आलं न्हाय मला." तो खाली बघत म्हणाला, "लई प्रयत्न केला."

वृषालीनं फोनवरची वाक्यं पुन्हा एकदा वाचली. परसातल्या पपईवर एक बुलबुल उगीच गोंधळ घालत होता. सगळ्या मुलखाचं ऐकणारी ती. आणि तिचं बोलणं कुणीतरी, शेंगा सोलताना, एकेक शब्द वेचून ठेवलं होतं. आणि एकदम तिचे डोळे विस्फारले.

"प्रसेनजित! काल दिवसभर बटण चालू होतं."

त्यालाही त्याच क्षणी कळलं. "म्हणजे पोरांना बी..."

त्यानं फोनवर तिचं पान उघडून तिच्या हातात दिलं आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. प्रसेनजितचा सोडला तर निरोप एकच होता. एका मुलीचा. काय होता, ते विचारू नका. त्या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, आणि तो आपणही पाळू. एवढंच सांगतो, की यंत्रानं तिला चार गोड वाक्यं दिली होती, आणि तिनं शेवटी लिहिलं होतं, ताई, तुम्ही आहात ना खरंच?

वृषाली फोन घेऊन जिन्यावरून गच्चीवर गेली. मुलीनं खाली आपला नंबर लिहिला होता, तो लावला. आणि प्रसेनजित खाली, पहिल्या पायरीवर, दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"काय चाललंय?" मच्छिंद्रराव आले. "सोलापूरचे चारला येतायत! ती काय वर जाऊन बसली?"

"हळू बोला, काका."

"माझ्या घरात मला हळू बोल म्हणणारा तू कोण?"

"कोणीच न्हाय अजून," प्रसेनजित म्हणाला. "पण एक पोरगी कालपास्नं ऐकणारं माणूस शोधतीय. तिला माझ्यामुळं मशीन मिळालं. आता माणूस मिळालंय, तर जरा मिळू द्या."

मच्छिंद्ररावांनी त्याला खालून वर बघितलं. सगळी हयात एसटीत गेली, पण चालू गाडीत त्यांना कुणी गप्प केलं नव्हतं. ते गप्प झाले. इतकंच नाही, गल्लीत भंगारवाला भोंगा लावून आला तेव्हा बनियनवरच धावत जाऊन त्यांनी त्याचा भोंगा बंद करायला लावला. जाईबाईंनी पेढे वाटून शेजारणींची तोंडं बंद केली. लोहाऱ्यात त्या सकाळी अशी शांतता झाली, की बाजारात वांगी विकणारासुद्धा भाव कानात सांगत होता.

वृषाली खाली आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा निवांत.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"बरं झालं," ती म्हणाली. बस, तेवढंच.

मग ती अंगणात येऊन उभी राहिली. आई, वडील, जाईबाई, जीपवाला, कुंपणावरून वाकलेल्या शेजारणी... सगळ्यांच्या मधोमध.

"प्रसेनजित, विचारा."

"काय?"

"काल जे विचारलंत, ते."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"काल एकांतात विचारलंत, तर कुणाला विचारून बसलात बघा."

शेजारणी खुसखुसल्या. प्रसेनजितनं शर्टाचं वरचं बटण सोडलं, परत लावलं.

"मला... म्हणजे शनिवार आला की... न्हाय, शुक्रवारपास्नंच... मॅडम, मला तुम्ही..." तो थांबला. घाम पुसला. "नीट येत न्हाय मला बोलायला. पण जे हाय ते तुमच्याबद्दल हाय. तुम्हाला मी चालंल का? न्हाय म्हणलात तरी चालंल. म्हणजे चालणार न्हाय, पण... तुमचं काय ते तुम्ही सांगा."

वृषालीनं श्वास घेतला. गळ्यातलं ते गंजलेलं यंत्र एकदा करकरलं... आणि सुरू झालं.

"मला पण तुम्ही आवडता," ती म्हणाली, आणि तिच्याच आवाजानं दचकली. "पहिल्या दिवसापासून. बाबा, मला सोलापूरला जायचं न्हाय. तुम्ही मला नीट विचारलं न्हाय, पण मीपण सांगितलं न्हाय. आता सांगते. लग्न एवढ्यात न्हाय. माझं शिक्षण पुरं होऊ दे. आणि तुम्ही," ती प्रसेनजितकडं वळली, "ते यंत्र आजच्या आज बंद. ताई नसेल तर तिथं सरळ लिहायचं, ताई नाही. आणि कुणाला घाई असेल, तर कुणाला फोन करायचा त्याचा नंबर."

"आत्ता करतो," म्हणत प्रसेनजितनं जीपमधली सॅक आणली आणि तिथंच अंगणात मांडी घालून लॅपटॉप उघडला.

"अरे, आधी पेढा तरी खा की," जाईबाई म्हणाल्या.

मच्छिंद्रराव बराच वेळ डोकं खाजवत राहिले. "आता सोलापूरवाल्यांना काय सांगू? कुठल्या तोंडानं?"

"तुमच्या न्हाय, माझ्या," वृषाली म्हणाली. तिनं नंबर मागून घेतला, त्यांना स्वतः फोन केला, आणि असं नीट, गोड, स्पष्ट बोलली, की पलीकडची बाई शेवटी म्हणाली, बाई गं, तुझी एखादी मैत्रीण असली तर सांग.

मच्छिंद्ररावांनी तो फोन ऐकला. नंतर ते प्रसेनजितच्या शेजारी अंगणातच बसले आणि जरा सरकले. "हं... बसा नीट. जागा हाय."

दुपार कलली तसा जीपवाला कुरकुरायला लागला. मांजरं आता टपावर चढली होती. जाईबाई पुढं बसल्या, प्रसेनजित मागं खिडकीशी. वृषाली खिडकीपाशी आली, आणि तिच्याही नकळत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"ऐक ना. मला पोहायला शिकायचंय. लहानपणापासून. बाबा म्हणायचे विहीर खोल हाय."

"आमच्या मळ्यात हाय विहीर. मी शिकवतो."

"आणि मला पोहे अजिबात आवडत न्हायत. आजवर घरात कुणाला माहीत न्हाय."

"बरं."

"आणि तू असला इस्त्रीचा शर्ट घालू नको. रोजचा तो विटका निळाच बरा दिसतो. आणि माझी एक मैत्रीण होती शाळेत, तिचं मला तुला सांगायचंय, ते लई मोठं हाय..."

जाईबाई पुढून म्हणाल्या, "निघायचं का रं?" जीपवाल्यानं गिअर टाकला. वृषालीनं दोन्ही हातांनी खिडकी घट्ट धरली आणि सगळ्या लोहाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"थांबा हो काका! माझं अजून बोलून व्हायचंय!"